देवाच्या वळूची वही

संध्याच्या उजव्या हातात चार हिरव्या बांगड्या असतात आणि डाव्या हातात काहीच नसतं, घड्याळसुद्धा नाही. ठाणाकुशनूरला नव्याने नांदायला आलेल्या सुना एकमेकींना विचारतात, ही बाई अशी कशी? मग एखादी जुनी बाई सांगते की तो हात दिवसातून चार-पाच वेळा गाई-म्हशींच्या मागून खांद्यापर्यंत आत जातो, त्यात बांगडी कशी चालेल. सून तोंडाला पदर लावते. महिन्याभरात तिच्या घरची म्हैस माजावर येते आणि तीच सून संध्याला फोन करते.

संध्या आमच्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात निरीक्षक आहे. स्कूटीच्या पुढच्या जागेत थंड वाफेचा डबा, डब्यात वळूंच्या गोठवलेल्या रेताच्या बारीक कांड्या, डिकीत प्लास्टिकचे लांब हातमोजे आणि साबणाची वडी. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. ती दर वेळी सांगते, मी डॉक्टर न्हाई. लोक दर वेळी म्हणतात, बरं डॉक्टरीणबाई.

मी विजयेंद्र, इथल्याच मराठी शाळेतला निवृत्त मास्तर. पोरांच्या वह्यांतल्या चुका तांबड्या शाईने गोल करण्यात एकतीस वर्षं गेली, त्यामुळे स्वभाव तापट झाला असं मी सांगतो. बायको म्हणते, तो आधीपासूनच होता. संध्या माझी विद्यार्थिनी. तिच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो की माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं, एवढाच या लेखनात त्रास आहे. पण लिहितो.

बुद्धविहारामागच्या गल्लीत तिचं घर. वडील गुंडेराव, दोन एकर तूर-उडदाचे मालक. आई चांगुणाबाई, तिच्या दारात कायम एक म्हैस. संध्या सातवीत असताना माझ्या तासाला उभी राहिली आणि तिने विचारलं, रेडकू पोटात आहे हे म्हशीला कसं कळतं? वर्ग हसला. मी म्हटलं, हा मराठीचा तास आहे, खाली बस. खरं कारण वेगळं होतं. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची सवय मास्तर लोकांना नसते.

बारावीनंतर तिला मी शिक्षिका हो म्हणून सांगितलं. ती जनावरांची पदविका घ्यायला बीदरला गेली. मुलीच्या जातीने हे असलं काम करायचं का, असं मी चार लोकांत बोललो होतो. ते तिच्या कानावर गेलंच असणार, कारण आमच्या गावात कानावर जायला काही वेळ लागत नाही.

पहिली नोकरी लागली ती कडगंचीच्या बाजूला. तिथे तिच्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या या पट्ट्यात नवस फेडायला देवाच्या नावाने गोऱ्हा सोडतात. तो मोठा होतो, गावभर फिरतो, कुणाच्याही शेतात तोंड घालतो, त्याला कोणी काठी मारत नाही. सगळे त्याला बसवण्णा म्हणतात. हा बसवण्णा एखाद्या गाईपाशी आला आणि जे व्हायचं ते झालं, तर घरधनी नुसते हात जोडतो. ते कुणापाशी बोलत नाही. बोलून दाखवलं आणि गाय गाभण राहिली नाही तर दोष देवाला लागतो, म्हणून बोलायचंच नाही. वासरू झालं की देवळात नारळ फोडायचा, तोवर ओठ शिवलेले. मीही हे लहानपणापासून पाळत आलो, आणि यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिकडे चनमल्लप्पा नावाच्या शेतकऱ्याची गाय माजावर येत नव्हती. संध्याने विचारलं, वळूला दाखवली होती का? तो म्हणाला, नाही. त्याच्या हिशेबी ते खोटं नव्हतं, त्याने गाय कुठे नेली नव्हती. संध्या नोकरीत नवी, त्या दिवशी आणखी सहा घरं व्हायची होती. तिने हात घालून अंडाशय चाचपलं, त्यावरची पिवळी गाठ बोटाला लागली, आणि ही गाठच माज अडवून बसली आहे असं धरून तिने ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी गाय गाभडली. उंदराएवढा जीव पडला, चार पाय आणि खुरांच्या जागा दिसतील असा.

चनमल्लप्पा नशिबाला बोल लावून मोकळा झाला होता. संध्या गप्प बसली असती तर तिला कोणी काही म्हटलं नसतं. पण ती त्याच्या घरी गेली, ओट्यावर बसली आणि माझ्या हाताने गेलं म्हणून सांगितलं. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच त्याच्या भावाची म्हैस तपासायला तिला बोलावलं.

तेव्हापासून तिच्या डिकीत एक वही असते. ज्या गावात जाईल तिथला बसवण्णा कुठे उभा दिसला, कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणाच्या दारात, ते ती टिपून ठेवते. लोक बोलत नाहीत ना, मग आपण लिहायचं. देवाच्या वळूची हजेरी घेणारी बाई म्हणून तिची भरपूर चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांत मी पुढे होतो. वळूचा दाखला कधी काढतेस, असं मी तिला भर बाजारात विचारलं होतं.

पाच वर्षांपूर्वी ती बदलून आपल्या गावी आली. आणि आता मला ते सांगायचं आहे जे सांगायला जीभ जड होते. आमच्या गल्लीत तिला कोणी गोठ्यात घेत नव्हतं. कोणी नाही म्हणायचं नाही. ती येणार म्हटलं की गाय सोडून बाहेर रस्त्यावर आणून बांधायची, एवढंच. आत अंधार आहे, आत जागा नाही, अशी कारणं. ती बौद्ध वस्तीतली, हे खरं कारण सगळ्यांना ठाऊक आणि कोणाच्या तोंडी नाही. माझ्याही घरी हेच चालायचं. ती रस्त्यावर उन्हात उभी राहून काम करायची, साबण स्वतःचा काढायची, आणि हात धुवायला पाणी सुमती वरून ओतायची.

सुमती म्हणजे माझी बायको. मी निवृत्त झालो तेव्हा तिने माहेराहून एक देवणी कालवड आणली. अंग पांढरं, तोंड काळं, म्हणून नाव वानेरी. तिचं एक वेत झालं, मग दोन वर्षं काही नाही. उन्हाळ्यात संध्याने दोनदा कांडी भरली, दोन्ही वेळा गाय उलटली, म्हणजे न फळता पुन्हा माजावर आली, आणि त्यानंतर माज दिसायचाच बंद झाला. सुमतीचे गुडघे गेलेले, पण सकाळी उठून वानेरीपुढे वैरण टाकायची म्हणून ती चालते. ही गाय नसती तर बाई अंथरुणावरून उठली नसती, हे डॉक्टरांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आमचा मुलगा समर्थ हैदराबादला असतो. आम्ही दोघं इथे एकटे, म्हणून तो सारखा तिकडे बोलावतो. मला तिकडे जायचं नाही. दहाव्या मजल्यावर माणूस कुणावर रागावणार? दिवाळीत आला तेव्हा शेवटी एक करार झाला. पंधरा नोव्हेंबरच्या आत वानेरी फळली तर ती विईपर्यंत आम्ही इथेच राहायचं. नाही तर गाय उदगीरच्या मेहुण्याकडे द्यायची आणि घराला कुलूप लावायचं. सुमती मान डोलावून स्वयंपाकघरात गेली.

आठ नोव्हेंबरला मी संध्याला बोलावलं. गाय नेहमीप्रमाणे रस्त्यावर आणून बांधली. मी आधीच चौकशी करून ठेवली होती, की एक सुई दिली की तीन दिवसांत माज येतो. मग कांडी भरायची आणि समर्थला फोन करायचा, काम झालं म्हणून. संध्याने मोजा चढवला, डोळे मिटले आणि बराच वेळ हात आत ठेवून उभी राहिली. मग हात काढला आणि मला विचारलं, बसवण्णा इकडे आला होता का?

मी नाही म्हणालो. हात धुऊन तिने डिकीतून वही काढली आणि पानं उलटून माझ्यापुढे धरली. पाच ऑक्टोबर, सकाळी सात, विजयेंद्र सरांचं परस, वानेरीजवळ. तिने रस्त्याने जाताना नुसता उभा पाहिला होता, त्यापुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. अक्षर मात्र वळणदार होतं, माझ्याच हाताखालचं.

मी म्हटलं, उभा असेल, देवाचा जीव, कुठेही उभा राहतो. तू सुई दे.

“न्हाई देत, सर,” ती म्हणाली. “पिवळी गाठ हाय. पण ती कशासाठी बसलीय ते मला आज सांगता येत न्हाई.”

मी चिडलो. रस्त्यावर चार माणसं थांबली. तेव्हा तिने मला शिकवलं, रस्त्यात उभं करून, न हसता. मेंदूच्या तळाला एक ग्रंथी असते, ती रक्तातून हुकूम धाडते. त्या हुकमाने अंडाशयावरचा फोड फुटून बीज बाहेर पडतं आणि रिकाम्या जागी ही पिवळी गाठ धरते. पुस्तकात तिला पीतपिंड म्हणतात. वरून हुकूम येत राहतो तोवर ही गाठ प्रोजेस्टेरॉन नावाचा रस तयार करते, आणि तो रस अंगात आहे तोवर गर्भाची पिशवी शांत राहते, नवा माज येत नाही. गाठ म्हणजे तुरीच्या शेतातला राखणदार. शेतात पीक असेल तर त्याने बसायचं, नसेल तर उठून जायचं.

“सर, सातवीत मी तुमाला इचारलं व्हतं, रेडकू पोटात हाय हे म्हशीला कसं कळतंय म्हणून,” ती म्हणाली. “तुमी मला खाली बसवलं. आता ऐका. पिशवी सोळा-सतरा दिस वाट बघती. आत जीव धरला असंल तर तो इवलासा जीवच निरोप देतो, मी हाय म्हणून. निरोप आला की गाठ टिकती. न्हाई आला की पिशवीच एक रस सोडती, गाठ इरघळती आन् गाय माजावर येती. तुमची सुई म्हंजे तोच रस, बाटलीतला. आत कोणी असंल तर त्यानं दिलेला निरोप मी माझ्या हातानं पुसायचा का?”

मला उत्तर आलं नाही. पुन्हा एकदा. पण रागाला उत्तर लागत नाही. मी विचारलं, मग हो की नाही ते सांग ना. तिने सरळ सांगितलं की पिशवीचं एक शिंग थोडं भरल्यासारखं लागतंय, पण आत पू झाला तरी तसंच लागतं, आणि तेव्हाही गाठ बसूनच राहते. चौतीस दिवसांत तिच्या हाताला फरक कळत नाही. बघायचं यंत्र बीदरला आहे, तितक्या लांब टेम्पोत हादरे देत न्यायची तिची तयारी नव्हती. आणखी पंचवीस दिवस थांबा, तीन डिसेंबरला मी येते, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हटलं, पंधरा तारखेनंतर या गाईचा आणि आमचा संबंध राहणार नाही, आणि सुई देणारे दुसरेही आहेत. ती स्कूटीला किक मारून गेली. सुमती दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

मी त्याच दिवशी फोन फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक खासगी सुईवाला मोटरसायकलवर आला. त्याने काही विचारलं नाही, गाय कुठंय एवढंच म्हणाला. मी त्याला गोठ्यात घेऊन गेलो. त्याने बाटलीत सुई खुपसली तेव्हा सुमती भिंतीला धरत धरत आली आणि वानेरी आणि त्याच्यामध्ये उभी राहिली.

“सुई द्यायची न्हाई,” ती म्हणाली. “बसवण्णा आला होता. मी खिडकीतून डोळ्यांनी बघितलंय सगळं.”

मी ओरडलो, मग काल कामून गप्प बसलीस? ती वानेरीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, बोलले आणि राहिलं न्हाई तर? इतके दिवस मनात धरून ठेवलंय, तोंडातून काढलं की जाईल असं वाटत होतं. मग ती रडायला लागली. सुईवाला बिचारा चहा घेऊन परत गेला.

तो गेल्यावर मी गोठ्यात एकटाच राहिलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. नाव-गाव न विचारता मी त्या माणसाला थेट आत आणलं होतं. आणि जिने माझ्या गाईच्या पोटातल्या न दिसणाऱ्या जिवासाठी माझ्याशी भांडण घेतलं, तिला पाच वर्षं रस्त्यावर उभं केलं होतं. मला लाज वाटली.

समर्थला फोन मीच केला. त्याला गाठ, हुकूम, निरोप सगळं सांगितलं, संध्याने सांगितलं तसंच. तो आधी हसला, मग म्हणाला, ठीक आहे, तीन डिसेंबर, त्यापुढे एक दिवसही नाही. संध्यालाही फोन केला. माझं चुकलं असं म्हणायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, तीन तारखेला आठ वाजता येते, गाईला पळवू नका.

ते पंचवीस दिवस सुमतीने मोजून काढले. रोज सकाळी ती वानेरीचं शेपूट उचलून बघायची, माजाचा स्राव तर नाही ना. मी देव मानतो की नाही हे मला नीटसं माहीत नाही, पण त्या दिवसांत बसवण्णा दिसला की हात आपोआप जोडले जायचे.

तीन डिसेंबरला पहाटेच्या बसने समर्थ आला. आठला संध्याची स्कूटी थांबली. समर्थ सवयीने दावं सोडायला निघाला. मी म्हटलं, राहू दे, गाय आतच राहील. मग रस्त्यावर जाऊन संध्याला म्हणालो, आत ये. तिने एकदा गोठ्याच्या उंबऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शेजारची हावगेप्पाची बायको ओट्यावरून बघत होती. संध्या आत आली.

तिने मोजा चढवला. वानेरीने एकदा पाय बदलला आणि शांत झाली. संध्याने डोळे मिटले. सुमतीने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. संध्याचा खांदा जरा हलला, थांबला, पुन्हा हलला. इतका वेळ लागला की माझी खात्री झाली, काही नाही. हैदराबादचा दहावा मजला मला दिसायला लागला.

“हाय,” संध्या म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. “अक्का, दोन महिन्यांचं हाय. बोटाखाली सरकायलंय.”

सुमती मटकन खाली बसली, शेणातच. समर्थ तिला उठवायला गेला तर तिने त्याचा हात झटकला, आता मी इथंच बसणार म्हणाली. तो हसला आणि त्याच दिवशी दुपारच्या बसने एकटाच परत गेला. संध्याने साबण काढला, पण सुमतीने घरातला आणला. हात धुऊन झाल्यावर, समर्थ निघायच्या आधी, आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो आणि संध्याने भाकरी खाल्ली. मी तिला वाढलं. एवढ्याने पाच वर्षं भरून निघत नाहीत, हे मला कळतं. पण पुढच्या आठवड्यात हावगेप्पाने तिला बोलावलं तेव्हा त्याची गायही गोठ्यातच होती.

जुलैच्या पंधराव्या दिवशी वानेरी व्याली. कालवड झाली, आईसारखीच काळ्या तोंडाची. सुमतीने देवळात नारळ पाठवला. संध्या कालवडीच्या नोंदीचं कार्ड भरायला आली आणि पेन माझ्या हातात देऊन म्हणाली, सर, अक्षर तुमचं चांगलं हाय, तुमीच लिवा. त्यात एक रकाना होता, फळल्याची तारीख, आणि त्याच्यापुढे, वळू. माझा हात थांबला. आमच्या घराण्यात हे आजवर कोणी बोललं नव्हतं, लिहिणं तर दूरच. मग मी लिहिलं, पाच ऑक्टोबर, आणि पुढे, देवाचा बसवण्णा.

आता मी सकाळी फिरायला जातो तेव्हा खिशात वही असते. बसवण्णा दिसला की संध्याला फोन करतो, म्हणजे तिची एक फेरी वाचते. लोक मला वळूचा हेडमास्तर म्हणतात, म्हणू देत. काल तो विहारामागे चांगुणाबाईच्या म्हशीपाशी उभा होता. मी फोन करून सांगितलं. म्हशीपाशी असला तरी काही होत नाही, पण लिवा, असं संध्या म्हणाली. किती वाजता ते विचारलं. मी म्हटलं, साडेसहा असतील. असतील न्हाई, सर, नीट बघून लिवा, ती म्हणाली.

मी फोनमधलं घड्याळ बघितलं, विहारामागून निघाल्यापासूनची मिनिटं वजा केली आणि लिहिलं, सहा वाजून वीस मिनिटं.